शेवटचा फर्मा

“उघडा शेवटचं पान, आणि सांगा मला पुस्तक कुठे संपलंय ते,” म्हणत मालकांनी पुस्तक टेबलावर आपटलं.

मावशींना उघडायची गरज नव्हती. नुसतं हातात घेतल्यावरच कळलं, एक फर्मा कमी आहे. सोळा पानांचं वजन ते काय, पण सव्वीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या हातांना फसवणं सोपं नव्हतं.

“अशी चाळीस गेलीत बाहेर! पाच भागांची मालिका, पोरं दोन वर्षं या शेवटच्या भागाकडे डोळे लावून बसलेली, आणि आपण शेवटच गिळून टाकला. प्रकाशकाने असा काही झापलाय की कान अजून गरम आहे माझा.” मग मालक फर्मे जुळवणाऱ्या ताईंकडे वळले. “मी केव्हाचा म्हणतोय, तुमच्या डोळ्यांचं काही खरं नाही. आता उद्यापासून घरीच बसा.”

ताईंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. काचा स्वच्छच होत्या.

बाइंडिंगच्या त्या लांब टेबलावर दोघींची जोडी जुनी होती. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे तेवीस फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असत. ताई टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक फर्मा उचलायच्या आणि जुळलेला संच मावशींपुढे ठेवायच्या. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते. सगळे नीट लागले की त्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या उतरत जातात. तो जिना बघणं हे मावशींचं काम. त्यांच्या नजरेतून पायरी सुटली असं कधी झालंच नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना थोडासा, म्हणजे बऱ्यापैकी, तोरा होता.

त्या दिवशी काय झालं, ते मावशींना पक्कं ठाऊक होतं. सगळं खापर नातीवर फोडता आलं असतं.

चार भाग नातीने त्यांना भाजी निवडताना तोंडी ऐकवले होते. एक शहर, तिथे झोपही सरकार वाटून देतं, माणशी चार तास. “मग ते आपलंच घर की गं,” मावशी म्हणाल्या होत्या. पण हसता हसता कधी अडकल्या, त्यांनाच कळलं नाही. त्या शहरातून पळालेली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. धाकट्याची झोप सरकारने कापलेली. पोर चालता चालता भिंतीला टेकून उभं राही, तेव्हा मावशींच्या हातातली शेंग तशीच राहायची. शेवटचा भाग छापायला आल्यावर नातीने पिच्छा पुरवला. “आजी, एवढंच बघून ये. धाकटा जगतो ना?”

आणि मावशींनी बघितलं. तेविसावा गठ्ठा जरा आपल्याकडे ओढला आणि उभ्याउभ्या सोळा पानं वाचली. ताई नजरेपेक्षा सवयीने चालत. हाताला गठ्ठा लागला नाही, त्या बावीसवरूनच वळल्या. मावशी एका हाताने संच पुढे सरकवत राहिल्या. डोळे भरून आलेले, जिना कोण बघतो?

“मालक, ताईंना काही बोलू नका,” मावशी म्हणाल्या. “गठ्ठा मी ओढला होता. मी वाचत होते.”

“काय करत होतात?”

“वाचत.”

मालक स्टुलावर बसले. “अहो, बांधणाऱ्याने वाचू नये, हात थांबतो, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?”

“तेच झालं.”

मालक वाईट माणूस नव्हते. ताईंना त्यांनी ठेवलं. पण तपासणी मावशींकडे ठेवली तर प्रकाशक काम काढून नेईल, असं म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. परत आलेली पुस्तकं दुरुस्त झाली की मावशींनी खोक्यांना लेबलं चिकटवायच्या टेबलावर जायचं ठरलं. ताई दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. निघताना तेवढं म्हणाल्या, “कशाला सांगितलंत?” आणि रडल्या.

दोन आठवड्यांत एकोणचाळीस पुस्तकं परत आली. मावशींनी एकेकाची पाठ उकलली, राहिलेला फर्मा लावला, दाभणाने भोकं पाडून हाताने शिवलं. नवीन पुस्तकाहून ती जास्त मजबूत झाली. चाळिसाव्याऐवजी पत्र आलं, पोरीच्या गोल गोल अक्षरात.

“पुस्तकात पानं कमी आहेत, बदलून मिळेल, असं आई म्हणाली. पण मला नको. दोघं दारापाशी पोचतात आणि धाकटा म्हणतो, आता मनसोक्त झोपू या, हा शेवट मला फार आवडला. माझा धाकटा भाऊ दोन महिने अंथरुणावर आहे. मी त्याला रोज वाचून दाखवायचे. शेवट ऐकून त्याने टाळ्या वाजवल्या.”

“नुसता फर्मा पाकिटात घालून पाठवून द्या,” मालक म्हणाले. “आपल्याकडून विषय संपला.”

मावशींचा कुठे संपत होता? पुढच्या पानावर धाकटा दाराबाहेर गवतात झोपतो आणि उठत नाही. बहीण सकाळभर त्याच्यावर सावली धरून बसून राहते. ते वाचून त्यांची नात दोन दिवस जेवली नव्हती.

“नको पाठवूस, आजी,” पत्र वाचून नात म्हणाली. “फाडून टाक. त्यांना काय कळणार आहे?”

“मला कळेल ना. चुकून अपुरं गेलं, त्याची शिक्षा झाली. आता जाणूनबुजून अपुरं ठेवू?”

“मग पाठव! आणि तो पोरगा?”

मावशींनी फर्मा मांडीवर घेतला. मग जाड कागदाचं पाकीट काढलं, फर्मा आत सरकवला आणि सुईत दोरा ओवला. पाकिटाचं तोंड चिकटवलं नाही, शिवलं. पुस्तकाला घालतात तेच टाके, एकसारखे. गाठ मात्र पक्की मारली नाही, नखाने सुटेल अशी ठेवली. वर नातीकडून लिहून घेतलं, “यात राहिलेली सोळा पानं आहेत. पुस्तक तुझं आहे, तेव्हा पानंही तुझीच. आधी एकटीने वाच. घाई नाही, मोठी झाल्यावर उसवलंस तरी चालेल. धाकट्याला माझा आशीर्वाद.”

“खाली कुणाचं नाव लिहू?” नातीने विचारलं. “प्रकाशकांचं?”

हजारो पुस्तकं मावशींच्या हातून गेली होती, त्यातल्या एकावरही त्यांचं नाव नव्हतं, आणि असावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

“लिही, पुस्तक बांधणारी,” त्या म्हणाल्या, आणि दोरा दाताने तोडला.