मुळासकट काढलेले दोन बोल्ट

दातांच्या डॉक्टरांना सासऱ्यांनी मोटारसायकल दिली, ती लग्नात नव्हे. लग्न मुरून गेल्यावर, सासऱ्यांचे गुडघे बोलायला लागल्यावर. "जिवापाड सांभाळा," सासरे म्हणाले, आणि मुलगी देताना जे पाणी डोळ्यांत आलं नव्हतं ते किल्ली देताना आलं.

गाडी ठणठणीत होती. फक्त इंजिनला सायलेन्सरची नळी जिथे जोडलेली असते, त्या जोडातून धूर निसटायचा आणि पत्र्यावर खडे आपटल्यासारखा आवाज यायचा. दोन बोल्ट काढायचे, आतली झिजलेली चकती बदलायची, बोल्ट परत लावायचे; एवढंच काम. पण डॉक्टर गॅरेजात गेले नाहीत.

"अगं, मी उभा जन्म लोकांच्या तोंडातून दात काढण्यात घालवला," ते बायकोला म्हणाले. "तिथे माणूस हलतो, ओरडतो, हात धरतो. इंजिन म्हणजे किती शहाणा पेशंट!"

"अहो, पण दातांना आटे नसतात," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. तिचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि संसारात डॉक्टरांची हीच मोठी तक्रार होती.

वर घर, खाली दवाखाना. दवाखान्याच्या पायरीशी, छपराखाली गाडी उभी होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पहिल्या बोल्टला पाना लावला आणि जोर केला. टक्! बोल्टचं डोकं पान्यात आलं, धड इंजिनात राहिलं. गंजून आत घट्ट बसलेलं ते धड काही हलेना. शहाणा माणूस इथे थांबला असता. डॉक्टरांनी दुसऱ्या बोल्टला दुप्पट जोर लावला, जणू पहिल्याची शिक्षा त्याला द्यायची होती. टक्!

मग त्यांनी उलट्या आट्यांचं एक हत्यार आणलं. तुटक्या बोल्टला मधोमध भोक पाडायचं, त्यात हे हत्यार उलटं पिळत जायचं, की बोल्ट त्याच्याबरोबर बाहेर येतो. निदान दुकानदार तसं म्हणाला होता. डॉक्टरांनी भोक पाडलं, पिळलं, आणि हत्यारही आतच मोडलं. आता तुटक्या बोल्टात तुटकं हत्यार, आणि ते इतकं कडक की दुसरं कुठलंही ड्रिल त्यावर नुसतं घसरायचं.

नेमका तेव्हाच सासऱ्यांचा फोन आला. "काय म्हणतेय गाडी?"

"आराम करतेय, बाबा."

"करू द्या. मी आयुष्यभर वापरली, पण एक बोल्ट कधी तुटला नाही हो."

हे अगदी खरं होतं. त्यांनी आयुष्यभरात एकही बोल्ट उघडला नव्हता.

त्यानंतर डॉक्टर पेशंटांना बोल्टांबद्दल विचारू लागले. पेशंटच्या तोंडात कापूस, आरसा आणि डॉक्टरांची दोन बोटं असायची. त्यामुळे सगळ्यांचं मत त्यांच्याशी जुळायचं. तोंड मोकळं असलेल्यांचं मात्र जुळत नव्हतं. शेजारचे वकील म्हणाले, रॉकेल ओता. औषधवाला म्हणाला, बर्फ लावा. डॉक्टरांनी दोन्ही केलं. बोल्टांनी कुणाचंच ऐकलं नाही.

अशात एक वेल्डर आला. अंगाने दांडगा, गाल टम्म फुगलेला. डॉक्टरांनी तोंडात दिवा मारला. खालची दाढ अर्ध्यात मोडली होती आणि उरलेल्या अर्ध्यावर ओरखडे होते.

"घरी कुणी हात लावला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

वेल्डर छताकडे बघू लागला. "थोडी पकड लावून बघितली."

"पकड! तारा पिळायची?"

"ती धुतली होती."

डॉक्टरांनी हातमोजे काढले, म्हणजे नीट बोलता यावं. "लोकांना वाटतं, सगळं घरच्या घरी जमतं. अहो, ज्याचं काम त्यानेच करावं! सोपं काम अवघड करून ठेवायचं आणि मग आमच्याकडे यायचं." हे बोलताना त्यांच्या नखांत काळं ग्रीस होतं. बाजूला उभ्या असलेल्या नर्सबाईंनी ते बघितलं आणि टेबलावरच्या बाटल्या उगाच नीट लावल्या.

"दुखेल का?" वेल्डरने विचारलं.

"छे, दोन मिनिटांचं काम."

सुन्न करून झालं तरी वेल्डरने खुर्चीचे हात असे धरले की नंतर एक हात कायमचा ढिला झाला. दाढ तुकड्यातुकड्यांनी निघाली. बाहेर बसलेल्या दोन बायका, आमचं काही एवढं दुखत नाही म्हणत, घरी गेल्या.

निघताना वेल्डर पायरीशी थबकला. तोंडात कापूस, ओठ लोंबलेला. तरी तो वाकला आणि इंजिनच्या त्या दोन भोकांत बघत राहिला. मग वळून म्हणाला, "कुणी हाथ लावला होथा?"

डॉक्टर छताकडे बघू लागले. "थोडा पाना लावून बघितला."

वेल्डरला हसायचं होतं, पण अर्धाच चेहरा हसला.

दुसऱ्या दिवशी गाल धरून तो वेल्डिंगचं मशीन घेऊन हजर झाला. आदल्या दिवशीचा सगळा हिशोब त्याला चुकता करायचा होता, हे त्याच्या चालण्यातच दिसत होतं. त्याने पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायला लावली, बॅटरीची तार सोडवली आणि मग कमरेवर हात ठेवले.

"शिकलेले लोक," तो आभाळाला म्हणाला.

"होईल ना?" डॉक्टर.

"छे, म्हणजे होईल. दोन मिनिटांचं काम."

तुटक्या बोल्टवर नट ठेवायचा, नटाच्या भोकातून आत वेल्डिंग करून दोघांना एकजीव करायचं, आणि मग नट फिरवायचा, अशी त्याची रीत. पहिला नट चिकटला आणि पाना लावताच सुटला. दुसराही सुटला. ठिणग्या उडाल्या की डॉक्टर "हळू! हळू!" ओरडायचे.

"डॉक्टर, हलू नका. तुम्ही हलला की माझा हात हलतो."

शेवटी बायकोने त्यांना खुर्ची आणून दिली आणि हात धरून बसवलं. "डोळे मिटून घ्या," ती म्हणाली. त्यांनी मिटले, पण तिचा हात काही सोडला नाही.

दुपार कलली. वेल्डरची बढाई केव्हाच संपली होती. तो आता बोल्टशी लाडीगोडीने बोलत होता. पुढचा नट बसला. त्याने तो निवू दिला, पाना लावला, जरासा पुढे, जरासा मागे. चर्र आवाज झाला. पोटातल्या मोडक्या हत्यारासकट बोल्ट गरगर बाहेर आला. डॉक्टर टाळ्या वाजवणार होते, पण वेल्डरने बोटाने गप्प केलं. दुसरा बोल्ट मात्र कसलाही त्रास न देता निघाला, भांडखोर घरातल्या शहाण्या सुनेसारखा.

नवी चकती, नवे बोल्ट बसले. किक मारली. गाडी मऊ, गुरगुरत्या आवाजात सुरू झाली. डॉक्टर आणि वेल्डर दोघेही, बोल्ट आपणच काढले, अशा चेहऱ्याने उभे राहिले.

पुढे पेशंटला रागवायचं नाही, असं डॉक्टरांनी मनाशी ठरवलं. पहिले काही पेशंट खरोखर कौतुक ऐकून गेले. मग एक बाई दात टाचणीने कोरून आल्या, आणि डॉक्टरांनी हातमोजे काढले.

त्या आठवड्यात सासरे आले. मागे बसून एक चक्कर मारून आले, खूश झाले, आणि उतरून इंजिनकडे वाकले.

"बोल्ट नवे दिसतात. मूळचे कुठेत?"

डॉक्टर आत गेले. लहान मुलांचा दुधाचा दात काढला की तो घरी न्यायला ते एक चिमुकली, चित्रांची डबी द्यायचे. तशीच एक ससा असलेली डबी त्यांनी सासऱ्यांच्या हातात ठेवली.

सासऱ्यांनी ती कानाशी नेऊन हलवली. आत खुळखुळ वाजलं.

"फार दुखलं का हो?" त्यांनी विचारलं. गाडीला की जावयाला, हे काही कळलं नाही.

"मला विचारा," जिन्यावरून बायको म्हणाली. "हात माझा धरला होता."