सुईणीचं दार

आत्याने रिमोट उचलला आणि पडद्यावरच्या त्या दोघांना मिठीतच विझवून टाकलं.

भर दुपारी पडदे ओढून घेतलेल्या खोलीत एकदम काळोख झाला. सोफ्याच्या कडेवर बसून डोळे टिपणारी भाचेसून दचकली.

"अहो आत्या, संपला नव्हता अजून!"

"संपला कसला, नासला," आत्या म्हणाली. "ती दार उघडत नाही."

"कोण?"

"कोण म्हणजे? सुईण. नवरा इतक्या वर्षांनी परतून येतो, दार वाजवतो, हाका मारतो. ती आत बसून राहते. उघडत नाही. तिथे पुस्तक संपतं. हे रडणं, ही मिठी, ही व्हायोलिनं, हे सगळं या लोकांनी आपल्या पदरचं घातलंय."

भाच्याने उठून पडदे सरकवले. तो बायकोकडे बघत नव्हता, बायको त्याच्याकडे बघत नव्हती, आणि दोघंही एकमेकांकडे न बघण्याची फार काळजी घेतायत हे आत्याला स्वच्छ दिसत होतं.

"आत्या, सिनेमा त्या पुस्तकावरूनच काढलाय ना," तो म्हणाला. "मग शेवट काय आहे ते त्यांना माहीत असेलच की."

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. नंबर फारच वाढलेल्या गिऱ्हाइकाला तो ज्या आवाजात धीर द्यायचा, तोच आवाज होता हा. आत्याच्या तो जिव्हारी लागला.

दुखणं येऊन गेलं त्याला आता बरेच महिने झाले होते. मेंदूत रक्ताची एक बारीकशी गुठळी अडकली, आणि डॉक्टरांच्या भाषेत आत्या थोडक्यात बचावली. हात धड, पाय धड, जीभ तर पूर्वीपेक्षा तिखट. पण दवाखान्यातून सोडायच्या सकाळी तिने पेपर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि भाच्याला विचारलं, "हा कुठल्या भाषेतला आणलास रे?"

अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. भाच्याला आधी ते पटेना. दुकानातून तो भिंगांची पेटीच घेऊन आला, एकामागून एक भिंग तिच्या डोळ्यांपुढे धरत राहिला. अक्षरांच्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीवरचा माशीने टाकलेला ठिपकासुद्धा तिने बरोबर सांगितला. ओळ मात्र सांगता आली नाही. मग त्याने कागद पुढे केला. तिने आपलं नाव झोकात लिहिलं, अगदी पूर्वीसारखं शेवटचं वळण देऊन. कागद तिच्यासमोर फिरवून त्याने विचारलं, "काय लिहिलंस?" ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अक्षर चांगलं आहे. कुणाचं आहे?"

त्यानंतरही ती हट्टाने आपल्या घरी एकटी राहिली, आणि गोळ्यांची पाकिटं वाचता न आल्यामुळे झोपेची गोळी सकाळी घेऊन बसली. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा भाच्याला कुलूप तोडून आत शिरावं लागलं. तिला हलवून जागं करताना तो लहानपणीसारखा "आत्या, आत्या" करत होता ते तिने अर्धवट झोपेत ऐकलं होतं, म्हणून ती निमूटपणे त्याच्याकडे राहायला आली. आता तिचं घर भाड्याने द्यायचं चाललं होतं. इथे कुणी तिला काही कमी करत नव्हतं. फक्त डॉक्टर एकदा दाराबाहेर म्हणाले होते, की स्मरणशक्तीही थोडी मागेपुढे होऊ शकते, वाद घालू नका. तेव्हापासून तिच्याशी कुणी वाद घालत नव्हतं. उभा जन्म लोकांना बोलतं करण्यात गेलेल्या बाईला हा जाच सोसवत नव्हता.

ती टेलिफोन ऑपरेटर होती. "हॅलो" हा शब्द ती असा म्हणायची की पलीकडचा रागावलेला माणूस क्षणभर कशासाठी फोन केला तेच विसरायचा. गल्लीतली पोरं तिला हॅलोआत्याच म्हणत. बोर्डावरचे दिवे शांत झाले की मांडीवर पुस्तक उघडायचं, दिवा लागला की बोट घालून मिटायचं, असं करत तिने कपाटंच्या कपाटं वाचून काढली होती. त्यातही ही सुईणीची कादंबरी तिची खास. सुट्टीत डबे उघडले की मैत्रिणी म्हणायच्या, सांग ना गं ती सुईणीची गोष्ट. आणि ती सांगायची, दरवेळी थोडी आणखी रंगवून. 

"घर बघायला लोक कधी येणार आहेत?" तिने विचारलं.

भाचा गडबडला. "पुढच्या महिन्यात. पण त्याचं आत्ता..."

"ते पुस्तक माझ्या कपाटात आहे, वरच्या फळीवर, निळ्या पुठ्ठ्याचं. आणून दे. शेवटचं प्रकरण मी वाचून दाखवते. माझं मी. सुईणीचं दार बंद निघालं, तर मी माझ्या घरी जाते. उघडं निघालं, तर माझं डोकं फिरलंय असं समजा. मी इथे मुकाट्याने राहीन, चकार शब्द काढणार नाही."

"चकार शब्द न काढणं तुम्हाला जमणार नाही हो," भाचेसून पटकन बोलून गेली, आणि आत्याला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

भाचा हो म्हणाला. पाच वर्षांच्या मुलाने चंद्रावर जातो म्हटल्यावर आपण म्हणतो, तसा हो.

पुस्तक आलं. भाचेसून शाळेत गणित शिकवायची. तिला सरळ मार्ग दिसला. "मीच शेवटचं पान वाचून दाखवते, दोन मिनिटांचं काम."

"खबरदार," आत्या म्हणाली. "माझ्या आधी ते पान कुणी उघडायचं नाही."

वाचायला शिकवणारी थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची. मुलगी गोड होती, पण अक्षरांची रंगीत कार्डं घेऊन यायची. पहिल्याच दिवशी आत्याने तिला ऐकवलं होतं, "अ अननसाचा शिकायला मी काय बालवाडीत आहे?" तेव्हापासून कसंबसं चाललं होतं. आता आत्याने कार्डं बाजूला सारली आणि निळं पुस्तक पुढे ठेवलं.

"यातलं शिकव."

पहिल्या ओळीवर ती घामाघूम झाली. अक्षरं नुसती अनोळखी नव्हती, उर्मट होती. बघ बघ बघायचं, आणि ती ढिम्म. तिने पुस्तक ढकलून दिलं. थेरपिस्ट मात्र पुस्तकाकडे पाहतच नव्हती, आत्याच्या गुडघ्याकडे पाहत होती.

"आत्ता बोटाने काय करत होतात?"

"काही नाही."

"गिरवत होतात. परत करा बघू."

आत्याने अक्षराकडे पाहिलं, आणि जशी रेघ दिसेल तशी बोटाने गुडघ्यावर ओढली. आडवी, खाली, पोट, पाय. आणि पाय ओढून होताच तिच्या तोंडून शब्द फुटला, "क! मेला, क आहे हा!"

डोळे जे विसरले होते ते हाताला पाठ होतं. लिहिणारा हात शाबूत होता, त्यालाच आता वाचायला बसवायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून घरात जिथे तिथे आत्याचं बोट चालू झालं. टेबलावर, खुर्चीच्या दांड्यावर, चहाच्या कपावर. भ आणि म तिला हटकून फसवायचे. घ आणि ध तर जुळे भाऊ, एकाला हाक मारावी तर दुसऱ्याने ओ द्यावी. एक ओळ पुरी व्हायला सकाळ जायची, आणि ओळीच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात काय होती ते निसटून जायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. कधी ती रडायची, पण न्हाणीघरात, नळ सोडून. बाहेर आली की म्हणायची, "आज सुईण नदीपर्यंत पोचली."

हळूहळू भाचेसून शाळेतून आली की चप्पल काढता काढता विचारू लागली, "कुठे पोचली आज?" भाचा विचारायचा नाही. पण जेवताना बायको विचारायची तेव्हा त्याचा घास हातातच राहायचा.

शेवटचं पान आत्याने राखून ठेवलं. रविवारी दुपारी तिने दोघांना समोर बसवलं. ज्या सोफ्यावर सिनेमा पाहिला त्याच सोफ्यावर. फक्त पडदे या वेळी उघडे होते.

ती वाचू लागली. एकेक अक्षर बोटाने गिरवत, शब्द जुळला की तो मोठ्याने म्हणत. आवाज अजून ऑपरेटरचाच होता. थांबे लांबलचक पडत होते, पण भाचा एकदाही मध्ये बोलला नाही.

"दारावर... थाप पडली. तिने... हातातली... घडी... खाली ठेवली. बाहेरून त्याने... हाक मारली. तोच... आवाज. ती उठली. दारापाशी... गेली."

आत्याने श्वास घेतला. इथून पुढचं तिला तोंडपाठ होतं.

"तिने... दार..." बोट पुढच्या शब्दावर आलं. "उ... घ..." घ आहे की ध? पुन्हा गिरवलं. घच. "उघडले..."

आणि बोट त्याच्या पुढच्या शब्दावर, 'नाही'वर, जायला निघालं. ते तिथे असायलाच हवं होतं. इतकी वर्षं तिने ते तिथे पाहिलं होतं, डबे उघडलेल्या मैत्रिणींना ठासून सांगितलं होतं. पण बोटाला न लागला नाही, कानाही लागला नाही. लागलं नुसतं टिंब.

तिने बोट मागे घेतलं, पुन्हा तिथवर आणलं. टिंबच.

समोर दोघं श्वास रोखून बसले होते. पुस्तक तिच्या मांडीवर होतं, पान फक्त तिलाच दिसत होतं. दोन अक्षरं म्हणायची होती. ती म्हणाली असती तर उद्या तिच्या घराच्या खिडक्या उघडल्या असत्या, आणि तिच्या हातून पुस्तक ओढून घेऊन खात्री करणारं या घरात कुणी नव्हतं. तिचं बोट त्या टिंबावर असं टेकून राहिलं की नखाखालचं रक्त मागे सरलं.

"तिने दार उघडले," आत्याने सलग वाचलं. "पूर्णविराम."

 भाचेसुनेने मान खाली घातली.

"आत्या," भाचा अगदी हळू म्हणाला, "राहू दे आता. दमली असशील."

"गप्प बस. अजून आहे खाली."

आणि ती पुढे निघाली. आता तिलाही ठाऊक नव्हतं काय येणार आहे. प्रत्येक अक्षर कोरं होतं, पहिल्यांदा भेटत होतं.

"त्याला... पाणी दिले. तो... प्यायला. ये... म्हणाली नाही, जा... म्हणाली नाही. मग... खुंटीवरची... पिशवी... घेतली, आणि... त्याच्या... अंगावरून... बाहेर पडली. वरच्या... आळीत... एक बाई... अडली होती. वाटेत तिने... मागे वळून... पाहिले... नाही."

तिला आठवणारं 'नाही' इथे होतं. तीन ओळी खाली.

आत्याने पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. मग ती हसायला लागली. आधी गालात, मग खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं बाई गं! आणि मी हिला इतकी वर्षं आत कोंडून ठेवलं होतं."

"तुम्हाला असं का आठवत होतं हो?" भाचेसुनेने विचारलं.

आत्याने चष्मा काढून पुसला. "तेव्हा मलाच दार बंद हवं असेल," ती म्हणाली, आणि चष्मा पुन्हा नाकावर ठेवला. "असो. हरले मी. सिनेमावालेही हरले, पण म्हणून मी जिंकत नाही. बोलले तसं वागेन, राहीन इथे."

"पण मग तो थांबतो का?" भाच्याने विचारलं.

"कोण?"

"नवरा. ती निघून गेल्यावर."

"लिहिलेलं नाही."

"थांबला असणार," भाचेसून म्हणाली. "दार उघडं टाकून कोण जाईल?"

"छे. तो गेला असणार. इतका अपमान झाल्यावर मी तर गेलो असतो."

"तू गेला असतास, आणि कोपऱ्यावरून परत आला असतास. किल्ली विसरून," बायको म्हणाली.

"हे बघ, विषय माझा नाहीये..."

बोलता बोलता आवाज चढले. ती परत येईल तेव्हा काय, तिने पाणी का दिलं, दिलं तर बोलली का नाही. आत्या एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवत राहिली, मधूनच आपलंही मत दामटत राहिली. सिनेमा बंद केला होता त्या दिवशी दोघांना बोलायला काही उरलंच नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. आणि हेही, की भाचा आता खुद्द तिच्याशीही वाद घालत होता. दणकून, हातवारे करून, तिचं म्हणणं खोडून काढत. तो हळुवार आवाज कुठल्या कुठे गेला होता.

एकदम तो थांबला. तिच्या मांडीवरच्या उघड्या पानाकडे त्याने पाहिलं, मग तिच्या बोटाकडे.

"तुला 'नाही' म्हणता आलं असतं," तो म्हणाला. "तिथे. आम्हाला काय कळलं असतं?"

"लिहिलेलं नव्हतं रे," आत्या म्हणाली.

त्याने मान हलवली. खिशातून फोन काढला आणि तो गॅलरीत गेला. दार लोटलेलं असलं तरी शब्द ऐकू येत होते.

"हां, नमस्कार. ते घर बघायला येणार होतात ना, तर आता नका येऊ... नाही, भाड्याचा प्रश्न नाही. घर रिकामं नाहीये... हो, मालकीणबाई परत राहायला जातायत... एकट्याच, हो... अहो, गोळ्यांचं पाकीट काय, आख्खी कादंबरी वाचतात त्या!"

भाचेसुनेने ओठ दाबून हसू आवरलं, पण डोळे त्या दिवशीसारखेच टिपले. मग ती चहा टाकायला उठली, आणि स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाली, "तुमचं झालं की ते पुस्तक मला हवंय हं आत्या!"

"रांगेत उभी राहा," आत्या म्हणाली. "माझंच अजून वाचून व्हायचंय."

तिने निळा पुठ्ठा मिटला, पुस्तक फिरवून घेतलं आणि पहिलं प्रकरण काढलं. उन्हाची तिरीप पानावर येत होती, म्हणून खुर्ची जराशी सरकवली. मग वाचायला सुरुवात केली. गिरवायचं बोट अजून पुठ्ठ्याखालीच आहे हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा ती दुसऱ्या शब्दाच्याही पुढे गेली होती.