खाणीतल्या घंटेची रेंज

माणजवळच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीवर रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. खाणीत पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात देवी घंटा वाजवते, असं तरंगबाबा सांगत. ते दोरीने पाण्यात माइक सोडत आणि भक्ताच्या कानाला हेडफोन लावत. घंटा ऐकू आली तर मन शुद्ध. नाही आली तर बाबा डोळे मिटून म्हणत, "पापानं रेंज गेली."

यशोदाबाई होणाऱ्या सुनेला, उत्कर्षाला, तिथे घेऊन गेल्या. मुलगी त्यांना मनापासून आवडली होती. देवीचाही कौल मिळाला म्हणजे झालं, एवढाच त्यांचा हेतू. त्यांना स्वतःला घंटा इतकी स्वच्छ ऐकू आली की डोळे पाणावले. मग उत्कर्षाने हेडफोन लावला आणि कानात नुसती शांतता. गर्दी कुजबुजायला लागली. यशोदाबाईंनी लग्न थांबवलं. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेला त्यांचा मुलगा गणराज हे ऐकून आईशी बोलेनासा झाला आणि यशोदाबाईंना घास गोड लागेना.

उत्कर्षाने दापोडीच्या आम्रपालीला गाठलं. ही तिची मैत्रीण समुद्रातल्या आवाजावर संशोधन करत होती. सगळं ऐकून आम्रपाली आधी पोट धरून हसली. पुढच्या रविवारी लांब तारेचं थर्मामीटर घेऊन ती खाणीवर हजर झाली. उत्कर्षाने यशोदाबाईंनाही आग्रहाने आणलं होतं.

माइक जेवढा खोल होता तेवढ्याच खोल थर्मामीटर सोडून आम्रपाली आकडे बघत बसली. पाणी कोमट झाल्याचं दिसताच ती उठली आणि हात जोडून म्हणाली, महाराजांनी एकदा स्वतः ऐकून आम्हाला धन्य करावं. बाबांनी आढेवेढे घेतले, पण भक्तच मागे लागले. हेडफोन लावताच बाबांचा चेहरा उतरला, तरी मान मात्र डोलत राहिली. घंटा वाजतेय म्हणाले.

यशोदाबाईंनी त्यांच्या कानावरून हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला.

"मलाबी काहीच ऐकू येईना, महाराज. मागच्या रविवारी तर मी शुद्ध होते. आठवडाभरात मी फक्त भाकरी थापल्या."

आम्रपालीने माइकची दोरी आणखी दोन हात सोडली. यशोदाबाईंच्या कानात घंटा खणखणू लागली.

"पाप दोन हात वर तरंगत होतं, काकू," आम्रपाली म्हणाली.

मग तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. खाणीत वर कोमट आणि खाली गार असे पाण्याचे दोन थर असतात. वाऱ्याने वरचं पाणी एका बाजूला ढकललं जातं आणि वारा पडला की दोन थरांमधली सीमा आतल्या आत लाटेसारखी हेलकावते. वरून पाणी शांतच दिसतं. आवाज गार पाण्याकडे वळतो. सीमा खाली गेली की तो माइकच्या खालून निघून जातो, वर आली की माइकला सापडतो. उथळ समुद्रात अशाच लाटांमुळे जहाजांचा आवाज यंत्रांना कधी ऐकू येतो, कधी गायब होतो.

मग आवाजाच्या दिशेने शोधत पलीकडच्या काठाखालून गर्दीतल्या पोरांनी बॅटरीवर चालणारी घंटा ओढून काढली. ती बाबांनीच बुडवली होती. मध्येच आवाज का जातो, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी ते भक्तांच्या माथी मारलं होतं. तोवर बाबा मोटारीत बसून पसार झाले, पण हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत अडकले आणि भक्तांनी त्यांना चालत जाऊन गाठलं. पुढचं पोलिसांनी बघितलं.

यशोदाबाई उत्कर्षाजवळ गेल्या. चुकले म्हणाल्या, आणि लग्नाची तारीख विचारली.

"तुमचा होकार कळला," उत्कर्षा म्हणाली. "माझा कळवते. तोवर गणराजला सांगा, त्या दिवशी आईवर रुसण्याऐवजी मला एक फोन केला असता तर बरं झालं असतं."

यशोदाबाईंना ते लागलं, आणि पटलंही.

वाचकहो, निसर्गात न कळणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्या कळत नाहीत तोवर "माहीत नाही" म्हणावं आणि शोध घ्यावा. आपलं अज्ञान दुसऱ्याच्या चारित्र्यावर तेवढं लादू नये.