बारा खुणा

…आणि सातवी खूण जरा मोठीच आली होती, शेपटी पुढच्या रेघेवर चढलेली. चौकशी अधिकारी समोर बसून अहवाल वाचत होते आणि तो, करमणूक उद्यानातला फिटर, मात्र टेबलावर उघड्या पडलेल्या वहीत, अडीच महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळच्या, स्वतःच्याच हातच्या खुणा मोजत बसला होता. आकाशपाळण्याचे बारा पाळणे, तपासल्याच्या बारा खुणा. निळ्या शाईच्या, नीटस. डाग म्हणून नाही.

"सातव्या पाळण्याच्या दांडीतली चीर आतून होती," अधिकारी म्हणाले. "ओतकामातलाच दोष. डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं. फिटरकडून कसूर झालेली नाही." मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि खरं सांगू? इतकी स्वच्छ वही मी कुठल्याच उद्यानात पाहिली नाही."

मॅनेजरनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मी म्हणत नव्हतो? कर नाही त्याला डर कशाला!"

त्याचा जीव भांड्यात पडला. दांडी तुटली तेव्हा पाळणा जवळजवळ जमिनीला टेकला होता, म्हणून त्यातल्या बाईंचं खांद्याच्या हाडावर निभावलं. त्या शिक्षिका, आणि सोमवारपासून शाळेत परत जाऊ लागल्या होत्या, हेही अहवालात होतं. माणूस वाचलं, हाड जुळलं, नोकरी राहिली. एका फिटरला आणखी काय पाहिजे? त्याला चक्क भूक लागली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

घरी जाताना पाय हलके पडत होते — आणि तरी ती वही डोळ्यांसमोरून हलेना. स्वच्छ वही! अहो साहेब, बेअरिंगला ग्रीस भरून आलेल्या माणसाची वही स्वच्छ राहील कशी? म्हाताऱ्या फोरमनची वही असायची काळीकुट्ट, पानापानावर अंगठे. "दांडीवर हातोडीची टिचकी मारायची आणि ऐकायचं," फोरमन सांगायचा, "धड असेल तर खणखणते, चिरलेली बद्द वाजते. डोळ्यांवर काय विश्वास ठेवतोस?" तोही तसंच करायचा, आधी टिचक्या, मग काळ्या हातांनीच खुणा… मग एकदा मॅनेजर ओरडले, ही वही आहे की स्वयंपाकघरातलं फडकं, वरचे लोक बघतात. तेव्हापासून तो आधी चहा घेता घेता, धुतल्या हातांनी, बाराही खुणा करून टाकायचा आणि मग हातोडी उचलायचा. कुणाला फसवायचं म्हणून नाही. टिचक्या तर मारायच्याच होत्या.

त्या सकाळीही मारल्या. एक, दोन… सहा. मग खिशातला फोन वाजला, बायको विचारत होती, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत. त्यानं सांगितलं, फोन ठेवला, बटण दाबून पुढचा पाळणा खाली घेतला आणि आठव्याची दांडी खणखणली. आठव्याची त्याला नक्की आठवते. सातवी? कधी वाटतं खणखणली होती. कधी काहीच ऐकू येत नाही. डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं, असं अहवालात आहे. कानांचं कुणी विचारलंच नाही.

"सुटलात ना?" बायकोनं दारातच विचारलं, आणि उत्तर ऐकून पदरानं डोळे पुसले. त्यानं दोनदा भात मागून घेतला. ती समोर बसून बघत राहिली. "किती दिवसांनी पोटभर जेवताय."

"अगं, त्या दिवशी सकाळी तुझा…"

"माझा काय?"

"काही नाही. आमटी वाढ." तिच्या गळ्यात कशाला बांधायचं? किल्ली तर त्यानंच चुकीच्या जागी ठेवली होती.

दुपारी तो परत कामावर गेला. नव्या दांड्या बसल्या होत्या. उद्या सकाळी अधिकारी शेवटची पाहणी करणार, मग पाळणा सुरू. त्यानं नवी वही उघडली, सवयीनं पेनाचं टोपण काढलं… आणि परत लावलं. हातोडी घेतली. पहिली, दुसरी, तिसरी. सातवीपाशी फोन वाजला. वाजू दिला. फोन थांबल्यावर टिचकी मारली, पुन्हा मारली, तिसऱ्यांदाही मारली. दांडी खणखणत राहिली आणि तो मान तिरकी करून, मुलाची पहिली बोबडी हाक ऐकावी तसा, ऐकत उभा राहिला.

काळ्या हातांनी त्यानं बारा खुणा केल्या. पान पार बरबटलं.

"हे काय?" मॅनेजर म्हणाले. "उद्या साहेब येणार, आणि वहीची ही दशा?"

"हो. आता अशीच राहील."

त्याचं त्यालाच हसू आलं. उद्या अधिकारी विचारतील, आधीची वही इतकी स्वच्छ आणि ही अशी का. विचारतील? न विचारताच सांगू का मी? त्याला ठरवता येईना… पण अडीच महिने तो हा प्रश्न झटकून टाकत आला होता, आज झटकला नाही. तो नळाखाली हात धरून उभा राहिला. ग्रीस साबणालाही दाद देत नव्हतं, आणि त्याला काही घाई नव्हती.