सरकारी घेवडा

"चव बघू नकोस!" जमीलाने मन्नूबियाच्या हातातला डाव हिसकावून घेतला. "आपलं ठरलंय ना? आज त्यांचं अंदाजपत्रक त्यांनाच खाऊ घालायचं."

मन्नूबियाने मुकाट्याने पातेल्याकडे पाठ केली. आत पांढरा घेवडा रटरटत होता. घेवडा, डब्यातला टोमॅटोचा लगदा, तेल आणि मीठ. केफ शहरातल्या या विद्यापीठाच्या खानावळीला सरकारकडून आता एवढंच यायचं. आधी मांस बंद झालं, मग मसाला, मग लसूणसुद्धा. पण जेवणाऱ्या पोरापोरींना त्याचा पत्ता नव्हता. मन्नूबिया खाटकाकडून हाडं मागून आणायची, धणे आणि शहाजिरे स्वतःच्या पगारातून घेऊन घरी कुटायची. कपात झाली की तिला चेव यायचा. पोरं ताट चाटूनपुसून उठत, आणि राजधानीत कुणीतरी शहाणा शेरा मारी, की कपात करूनही तक्रार नाही.

"तुझ्यामुळंच कापतात ते," जमीला गेल्या आठवड्यात भांडी घासताना म्हणाली होती. "तू झाकतेस, म्हणून त्यांचं फावतं." वीस वर्षं एका चुलीपाशी घालवलेल्या मैत्रिणीने असं बोलावं? मन्नूबियाने दोन दिवस अबोला धरला. मग स्वतःच येऊन विचारलं, "बरं, मग काय करायचं ते सांग."

तर आज मंत्रालयाची समिती येणार होती. रात्रीच्या जेवणाला सरकारने पैसे द्यायचे की ते बंद करायचं, हे ठरवायला तीन गलेलठ्ठ माणसं मोटारीतून येऊन दुपारी जेवणार होती. डोंगरातल्या खेड्यांतून शिकायला आलेल्या पोरी दोनशे मिलीमच्या कुपनावर इथे दोन वेळ जेवत. तेवढ्या चिल्लरीत बाहेर एखादा पाव मिळाला तर मिळे. रात्रीचं बंद झालं असतं तर अर्ध्या पोरींनी बोचकं बांधून गाव गाठलं असतं, हे मन्नूबियाला पक्कं ठाऊक होतं.

व्यवस्थापक लमजद टाय सावरत आत आला. विद्यार्थी असताना तो याच खानावळीत तिच्या हातचं जेवला होता. आता त्याला इथलं काहीच आठवत नसे.

"मावशी, आज जरा झक्कास होऊ द्या. माझं नाक कापू नका."

"तुला नाक आहे होय?" मन्नूबिया म्हणाली. "लसूण बंद झाला तेव्हा कुठं गेलं होतं?"

"मावशी, वरून आलेला आदेश होता तो."

"वरून तर पक्ष्याची घाणपण पडते, लमजद. आपण पुसतो की नाही?"

जमीला खदखदून हसली. लमजद कान लाल करून निघून गेला.

पाहुणे यायची वेळ झाली तशी जमीला बाहेर टेबलं लावायला गेली. मन्नूबिया पातेल्यापाशी एकटी उरली. कच्च्या टोमॅटोचा आंबूस वास नाकात बसला होता. तिने चमचाभर रस्सा तोंडात घेतला आणि तिला लाजच वाटली. हे आपण रांधलं? हे त्या तिघांच्याच ताटात पडणार असतं तर ठीक होतं, पण रांगेत पोरीही होत्या. नुसती चिमूटभर, तिने स्वतःला समजावलं, आणि घरून आणलेला मसाल्याचा डबा पिशवीतून काढला. तेल तापलं. डब्याच्या तळाशी चार पाकळ्या लसूण होता, तोही गेला. चिमटीची मूठ कधी झाली ते तिला कळलं नाही. फोडणी चर्र करून पातेल्यात पडली.

वास बाहेर पोचला तशी जमीला दारात आली. ती नुसती बघत राहिली, आणि मन्नूबियाने मान खाली घातली.

समितीच्या प्रमुख बाई खुर्चीत मावत नव्हत्या. त्यांनी पावाच्या तुकड्याने ताट लखलखीत पुसलं आणि पुन्हा मागून घेतलं. तोंड भरलेलं असतानाच त्यांनी लमजदला विचारलं, "दर ताटामागं खर्च किती?"

लमजदने छाती फुगवून आकडा सांगितला.

"बघा!" बाई सोबतच्या दोघांना म्हणाल्या. "आणि म्हणे पैसा कमी पडतो. कमी पडला असता तर ही चव आली असती का?"

मन्नूबिया पुढे झाली. "बाईसाहेब, ही चव तुमच्या पैशातली नाही हो."

बाई मनापासून हसल्या. "अगदी खरं बोललात मावशी! ही हाताची चव. पैशानं थोडीच मिळते?" सोबतचे दोघेही हसले, एकाने टाळ्या वाजवल्या. लमजदने बाईंचा आणि मन्नूबियाचा आपल्या मोबाईलवर फोटो काढला.

"तसं नाही म्हणत मी. मसाला माझ्या घरचा—"

"प्रेमानं केलं की घरच्यासारखंच होतं," म्हणत बाईंनी तिचा खांदा थोपटला आणि रुमालाने बोटं पुसली. मन्नूबियाला त्या ढेकर देणाऱ्या तोंडाची किळस आली. त्याहून जास्त स्वतःच्या हातांची आली.

पंधरा दिवसांत हुकूम आला. खानावळ काटकसरीने उत्तम चालते असा गौरव करून समितीने दुपारच्या जेवणाचा खर्च आणखी घटवला होता आणि रात्रीचं जेवण महिनाअखेरीस बंद केलं होतं. वाचलेल्या पैशातून विद्यापीठात काचेच्या दाराचं 'उत्कृष्टता केंद्र' उभं राहणार होतं. लमजदने हुकूम वाचून दाखवला आणि गौरवाचा भाग दोनदा वाचला.

शेवटच्या रात्री मन्नूबियाने पदरमोड करून मेंढीचं मांस आणलं आणि रवा वाफवून त्याचा कुस्कुस केला. जमीला गाजरं सोलायला शेजारी येऊन बसली.

रांग नेहमीसारखीच हसतखिदळत आली. शेवटी रौदा उभी होती, गणित शिकणारी, हडकुळी, हाताला सदा खडूचे डाग. तिने ताट पुढे केलं, आणि ताटाखालून झाकणाचा एक मोठा डबाही.

"मावशी, उद्याचंही आजच वाढा ना."

ती हसत म्हणाली होती. मागे वळलेल्या चारपाच पोरीही हसल्या. मन्नूबियाने डबा घेतला, कुस्कुस दाबून भरला, वर मांसाचे दोन तुकडे ठेवले, मग तिसरा. झाकण बसेना. जमीलाने पुढे होऊन झाकणावर तळहात ठेवला, आणि दोघींनी मिळून ते बसवलं.