खरवडलेले बांध

पाहुणे येणार म्हटलं, की एकोजीरावांच्या अंगात साफसफाईचं वारं शिरायचं. त्यात येणार होती संशोधन केंद्रातली कीर्तना, आपल्याच बोलीत बोलणारी पोरगी! मग काय, अंगणाबरोबर शेताचे बांधही खरवडून, चिखलानं लिंपून त्यांनी लख्ख करून टाकले. त्यात उपटला गेलेला बांधांवरचा उडीद तिनंच पेरायला लावला होता. त्या पाल्यात कोळी राहतात आणि भातावरच्या अळ्या खातात, हे ती कानीकपाळी ओरडून सांगत आली होती. ते या गृहस्थांना नेमकं तेव्हा आठवलं नाही. त्यातून तिची फेरी लांबली आणि ती आली तोवर भाताची पानं गुंडाळू लागली होती.

नाचियारकोविलजवळचं हे शेत दोघा भावांचं सामाईक. अळी पसरली तर सगळीकडे औषध मारायचं आणि हा बिनऔषधाचा प्रयोग बंद, या अटीवरच धाकटा जानकीराम गप्प होता. आज तो पाठीवर पंप घेऊनच उभा होता. एकोजीराव पायाखालच्या मातीकडे बघत होते. हिरवळीचं खत गाडून माती आता कुठे मऊ झाली होती, चिखलात पुन्हा गांडुळं दिसत होती.

"काका, हे वरप्पु कोण खरवडले?" बांधांकडे बघत कीर्तनानं विचारलं.

"तूं येणार म्हणून मींच," एकोजीराव पुटपुटले.

"पल्याडचा वरप्पु तसाच आहे," त्यांच्या पत्नी गंगाबाई म्हणाल्या. "तिथें पाणकोंबडी अंडीं घालून बसली. मीं ह्यांना हात लावूं दिला नाहीं."

सगळे तिकडे गेले. उडदापासून भातापर्यंत कोळ्यांची जाळीच जाळी होती आणि पानं सरळ, हिरवीगार. खरवडलेल्या बांधाकडे जावं तशी गुंडाळलेली पानं वाढत होती.

कीर्तना हरखली. "एक बाजू बिनउडदाची मोकळी ठेवा, फरक दिसेल म्हणून किती विनवलं, काका! तेव्हां ऐकलं नाहीं, आतां आपोआप झालं. पीक सांवरेल, नवीं पानं येतील."

"पुढल्या वेळीं न सांगतां ये," गंगाबाई म्हणाल्या. "नाहीं तर हे पाणकोंबडीलाही झाडून काढतील."

जानकीराम मात्र हसला नाही. या बांधापासून त्या बांधापर्यंत तो पानं उलगडून बघत गेला, परत आला आणि त्यानं पंप खाली उतरवला.

"अण्णा, उडदाचं बीं आहे काय घरीं?"

एकोजीरावांना कोण आनंद झाला! ते बी आणायला घराकडे पळतच सुटले.