सोळावा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी डबलबेडची चादर आहे. खेळाच्या बाई गेल्याची बातमी शाळेत आली, तेव्हा मी हॉलमध्ये मुलांच्या हातात होते. हात सुटले, चेंडू घरंगळत भिंतीपाशी गेला आणि मी जमिनीवर आले.

दोन वर्षांपूर्वी बाईंनी मला गादीवरून ओढून काढलं आणि माझ्या दोन टोकांना कात्रीनं भोकं पाडली. घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे यजमान ओरडले, "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? चांगली चादर!"

"तुम्ही घोरता त्या बाजूला विरलीच आहे ती."

खेळ असा. सगळे खुर्च्यांवर बसतात, कारण एकीची खुर्ची चाकांची आहे. इकडे आठ जण, समोर आठ. बाईंनी माझ्या कडेला शिवलेले पट्टे धरून मला वरखाली करायचं आणि चेंडू समोरच्यांच्या भोकात पाडायचा. चेंडूत घुंगरू आहे. न दिसणाऱ्यालाही तो कुठं आहे ते कळतं. एकट्या दांडगटानं हिसका दिला, की चेंडू बाहेर.

पहिल्यांदा सोळा जणांनी मला एकदम उचललं. माझ्या पोटात वारा भरला आणि मी फुगतच गेले. माणसं माझ्यावर झोपतात एवढंच मला माहीत होतं. इतक्या जणांनी उचलून धरलेलं माहीत नव्हतं.

चाकांच्या खुर्चीतली मुलगी फार वाद घालते, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिची मूठ मिटत नाही. ती मला कोपरानं दाबून धरायची. पंधरा पट्टे शिवून झाले होते, सोळावा तिच्या मनगटासाठी वेगळा लावायचा होता. बाईंनी माप घेऊन माझ्यावर निळ्या खडूनं खूण केली होती.

बाई गेल्यावर काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, मला घरी नेलं. दोनदा साबण लावून धुतलं, इस्त्री केली आणि परत आणून दिलं.

वकीलबाईनं माझी कड निरखून पाहिली. "काका, धुतलीत? बाईंची खूण गेली की!"

काकांनी वाकून माझ्या कडेवरून बोट फिरवलं. "मला वाटलं, डाग आहे गं."

मग तिनं हात पुढं केला. "गेली तर गेली. हात माझाच आहे ना? घ्या परत माप."

काकांनी खिशातून घड्याळाचा नवा पट्टा काढला आणि तिच्या मनगटाला लावून पाहिला. अगदी बरोबर बसला.

मित्रांनो, मला घडी घालून कपाटात जपू नका. धरा मला, सगळ्यांनी धरा.

बाई सुया कुठं ठेवायच्या, ते काकांना अजून सापडलेलं नाही. पट्टा माझ्या कडेला टाचणीनं लावलेला आहे. शिवायचा राहिला आहे.